कतारगामच्या सपाट शिला : सुरतेतले आर्मेनियन आणि त्यांचे दगड वाचणारा त्यांचाच एक माणूस

सुरतेत जुनी स्मारकं बघायला आलेली मराठी मंडळी साधारण एका ठरलेल्या वाटेनं जातात. आधी तापीकाठचा किल्ला, मग मुघल सराई (म्हणजे आजची महानगरपालिका) आणि वेळ उरलाच तर कतारगाम भागातली गोऱ्यांची कबरस्तानं. तिथं घुमटाखाली जॉर्ज ऑक्झेंडेन आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा हाच तो. त्याला १६६९ साली इथंच पुरलं. डचांच्या बाजूला व्हॅन ऱ्हीडची भव्य कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टस मलाबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध करवून घेणारा हा अधिकारी १६९१ साली समुद्रप्रवासात वारला आणि सुरतेत पुरला गेला.

हे सगळं बघून, फोटो काढून लोक परततात. डचांच्या शेजारीच आर्मेनियन लोकांचं कबरस्तान आहे, तिकडं फारसं कुणी थांबत नाही. तिथं बहुतेक सपाट शिला आहेत, घुमट नाही, खांब नाहीत, आणि लिपीही ओळखीची नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत डच आणि आर्मेनियन कबरींची नोंद एकत्रच आहे. बघणाऱ्यांच्या लक्षात मात्र डच तेवढे राहतात. सुरतेच्या इतिहासाच्या दृष्टीनं मात्र या शिला घुमटांपेक्षा जास्त बोलतात. त्या कशा वाचायच्या आणि आजवर कोणी वाचल्या, ते या लेखात बघू.

दगडावरचं साल कसं काढायचं

आर्मेनियन लिपी मेस्रोप मश्तोत्स यानं इ.स. ४०५च्या सुमारास तयार केली. तिच्या मूळ छत्तीस अक्षरांना अंकाचंही मूल्य आहे. पहिली नऊ अक्षरं म्हणजे एक ते नऊ, पुढची नऊ म्हणजे दहा ते नव्वद, मग शेकडे आणि शेवटी हजार. त्यामुळे १०२८ हे साल तीन अक्षरांत बसतं : हजाराचं एक, विसाचं एक, आठाचं एक. दगड झिजला की काही अक्षरं एकमेकांसारखी दिसू लागतात, आणि एक अक्षर चुकलं की साल भलतीकडेच जातं.

आर्मेनियन शक इ.स. ५५२ मध्ये सुरू होतो. म्हणून दगडावरच्या आकड्यात ५५१ मिळवले की इसवी सन मिळतो. पण एवढ्यानं काम भागत नाही. या शकाचं वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं होतं, लीप वर्ष नव्हतं. त्यामुळे नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागं सरकत गेलं. १०२८ हे वर्ष जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे १५७८च्या ऑक्टोबर अखेरीस सुरू होतं आणि १५७९च्या ऑक्टोबर अखेरीस संपतं.

दुसरी अडचण याहून मोठी. इस्फहानजवळच्या नव्या जुल्फाचे व्यापारी दुसरी एक गणना वापरत, अझारिया नावाच्या जुल्फावासीयाची. तिचं पहिलं वर्ष इ.स. १६१६. म्हणजे दगडावर किंवा हुंडीवर नुसते ‘८०’ दिसले तर त्यात १६१५ मिळवायचे : १६९५. जुन्या शकात तेच साल ११४४ असं लिहिलं जाई. हे ठाऊक नसलेला माणूस ८० बघून म्हणणार, पुढची अक्षरं झिजलेली दिसतात. अक्षरं सगळी शाबूत असतात, फक्त गणना वेगळी असते.

मेस्रोव्ह सेठ आणि मरिनासची कबर

हे सगळं जाणणारा माणूस सुरतेला मिळाला तो कोलकात्याहून. मेस्रोव्ह जेकब सेठ यांचा जन्म १८७१ सालचा, नव्या जुल्फातला. शिक्षणासाठी ते कोलकात्याला आले आणि तिथंच आर्मेनियन भाषा शिकवत राहिले. भारतातल्या आर्मेनियनांवरचं त्यांचं पहिलं पुस्तक १८९५ साली आलं, आणि मोठा ग्रंथ १९३७ साली. आग्रा, सुरत, चेन्नई, कोलकाता इथल्या कबरींवरचे लेख त्यांनी गोळा केले, वाचले, इंग्रजीत आणले.

सुरतेत त्यांना मिळालेला सर्वांत जुना लेख मरिनास नावाच्या बाईच्या कबरीवरचा. वोस्कान नावाच्या धर्मगुरूची ही पत्नी. साल १०२८, म्हणजे सेठ यांच्या हिशोबानं १५७९. वर सांगितलेल्या कारणानं ते १५७८ धरलं तरी पुढच्या मुद्द्याला बाधा येत नाही.

मुद्दा असा. अकबरानं सुरत घेतली १५७३ साली. इंग्रजांचं पहिलं जहाज सुरतेच्या बंदराला लागलं १६०८ साली. शाह अब्बासनं जुन्या जुल्फाच्या आर्मेनियनांना उठवून इस्फहानला नेलं ते १६०४-०५ मध्ये, आणि भारतातल्या आर्मेनियन व्यापाराची गोष्ट सहसा तिथूनच सांगायला सुरुवात होते. आग्ऱ्यातली सेठ यांना सापडलेली सर्वांत जुनी आर्मेनियन कबरसुद्धा १६११ची. सुरतेचा हा एक दगड अकबराच्या विजयानंतरचा असला तरी बाकी सगळ्याच्या आधी जातो.

शिवाय ती व्यापाऱ्याची कबर नाही, धर्मगुरूच्या बायकोची आहे. एकटादुकटा व्यापारी माल विकून पुढच्या मोसमी वाऱ्यावर परत जातो. धर्मगुरू बायकोला घेऊन राहतो, याचा अर्थ त्याला सांभाळणारी चार घरं तरी आसपास असली पाहिजेत. ‘युरोपीय आले आणि सुरत जगाला जोडली गेली’ असं आपण सहज बोलून जातो. हा दगड ते वाक्य खोडतो.

आपलाच माणूस वाचतो तेव्हा

आपल्या समाजाचे अवशेष आपल्याच माणसानं अभ्यासले तर फरक पडतो का? हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. अमेरिकेत कोलोराडोमध्ये अमाची इथं दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना डांबून ठेवलं होतं. डेन्व्हर विद्यापीठानं २००८पासून तिथं पुरातत्त्वाचं काम सुरू केलं, आणि त्यात त्या छावणीत राहिलेली माणसं व त्यांचे वंशज सामील झाले. जमिनीत सापडलेला तुकडा कशाचा, हे घरात ती वस्तू वापरलेला माणूस चटकन सांगतो.

सेठ यांचा फायदा तोच होता. लिपी, शक, नावं ठेवायची रीत, बायबलमधले संदर्भ, हे त्यांना घरचं होतं. पण घरच्या माणसाची नजरही तपासून घ्यावी लागते. आपला समाज किती जुना, किती मानाचा, हे दाखवायची ओढ त्यांच्या लिखाणात जाणवते. त्यात खोजे आणि दरबारी पुरुष पुढं येतात, नोकरचाकर आणि दलाल मागं राहतात. म्हणून दगडाशेजारी दुसरा कागद ठेवावा लागतो. जुल्फाचा होव्हानेस नावाचा एक व्यापारी १६८२ साली दुसऱ्याच्या भांडवलावर निघाला आणि सुरत, आग्रा, पाटणा करत थेट ल्हासापर्यंत गेला. त्याची हिशोबाची वही लिस्बनच्या ग्रंथालयात आहे. त्यात वजनं, मापं, चलनं, भाडी असा रोजचा जमाखर्च आहे. मोठ्यांची स्तुती तिथं सापडत नाही.

अठराव्या शतकात सुरतेचा व्यापार ओसरला आणि आर्मेनियन मुंबई-कोलकात्याकडे गेले. मुंबईत फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटवर त्यांचं सेंट पीटर चर्च १७९६ साली उभं राहिलं. सुरतेत मागं उरल्या त्या शिला.

बघायला जाल तेव्हा

शिलांवर चालू नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, चुना किंवा पीठ चोळू नका. दगड त्यानं लवकर झिजतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात झिजलेलं अक्षरही दिसतं. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि शिला कोणत्या रांगेत आहे ते लिहून ठेवा. लिपी येत नसली तरी चालेल. नीट काढलेला फोटो वाचणारा कुणीतरी येरेवानला किंवा कोलकात्याला बसलेला असतो.

आणि एक. उधना, लिंबायत, डिंडोली इथं खानदेशातून आलेली आपली हजारो कुटुंबं आहेत. तीही पोटापाण्यासाठीच सुरतेला आली. त्यांच्या पहिल्या पिढीच्या चाळी, देवळातल्या देणगीदारांच्या मराठी पाट्या, कारखान्यांचे जुने पास आज कुणी नोंदवून ठेवत नाही. मरिनासचं नाव साडेचारशे वर्षं टिकलं, कारण कुणीतरी ते दगडावर कोरलं आणि तीनशेहून जास्त वर्षांनी तिच्याच भाषेचा एक माणूस ते वाचायला आला. आपल्या पाट्या अजून वाचता येतात तोवर त्यांचे फोटो काढायला काय हरकत आहे?