ऐकणारे आणि सोडवणारे

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तोवर फसलेल्या गिऱ्हाइकानं एक तर गप्प बसायचं किंवा दिवाणी दावा लावायचा, आणि बिघडलेल्या मिक्सरसाठी दावा कोण लावणार? टेलिफोनसाठी, स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबणं तेव्हा रीतसर समजलं जाई. वस्तू घरात आली यातच माणसं समाधान मानत. महाराष्ट्रातले ग्राहक मात्र त्याआधीच एकत्र यायला लागले होते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, लगेच १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. पार्ल्याच्या माझ्या मावशीकडे महिन्याचं वाणसामान पंचायतीच्या संघातून येई. ठरल्या दिवशी एकीच्या घरी माल उतरायचा आणि शेजारच्या बायका आपणच वाटप करायच्या. तूरडाळ खराब निघाली तर कुणाला सांगायचं, हे त्या प्रत्येकीला माहीत होतं.

१९८६ नंतरच्या पस्तीसेक वर्षांत कायदा वाढत गेला. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्हा मंचाची मर्यादा सुरुवातीला एक लाख रुपयांची होती, आता त्याच्या जागी आलेल्या जिल्हा आयोगाची पन्नास लाखांची आहे. तरीही एक गोष्ट मी सतत बिघडतानाच पाहिली. तक्रार ऐकणारा माणूस आणि ती सोडवू शकणारा माणूस यांच्यातलं अंतर वाढत गेलं.

नव्वदच्या दशकात आम्ही फ्रिज घेतला. दोन उन्हाळे निघाले आणि कॉम्प्रेसर गेला. वॉरंटी कार्डावर कॉम्प्रेसरची पाच वर्षं ठळक छापलेली. दुकानदारानं टाळाटाळ केली नाही, माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला. कॉम्प्रेसर बदलून मिळाला, पण गॅस भरायचे, ने-आण करायचे, मजुरीचे पैसे आमच्याकडून घेतले. वर्षभरात तोही बंद पडला, तेव्हा ‘तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं’ म्हणून कंपनीनं हात वर केले. मी जिल्हा मंचात गेले. वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहिलेला अर्ज चालतो, ही त्या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. कायदा म्हणतो, निकाल तीन महिन्यांत द्यावा. वस्तू तपासणीला पाठवायची असेल तर पाचांत. प्रत्यक्षात कंपनीचे वकील तारीख मागत राहिले आणि मिळतही राहिली. शेवटी निकाल आमच्या बाजूनं लागला, पण तोवर घरात दुसरा फ्रिज आलेला होता. तरी त्या प्रकरणात एक बरं होतं. दुकानदाराला नाव होतं, पत्ता होता, आणि कंपनीच्या माणसाला मंचासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं.

मोबाइल आला आणि तेही गेलं. प्रीपेडमधले पैसे आपोआप कापले जायला लागले. कधी हॅलो ट्यूनचे, कधी राशिभविष्याचे, कधी क्रिकेटच्या स्कोअरचे. यातलं मी काहीच मागितलं नव्हतं. कॉल सेंटरवरची मुलं अदबीनं बोलत. सेवा बंद करून देत, पण कापलेले पैसे परत करायचा अधिकार त्यांना नसे. वरिष्ठांशी बोलायचंय म्हटलं की फोन होल्डवर जाई आणि कट होई. पुन्हा लावला की दुसरंच कुणीतरी, मग सगळं पहिल्यापासून सांगा. त्या मुलांवर ओरडणं मला कधीच पटलं नाही. जिथून काहीच करता येत नाही अशा जागी त्यांना बसवलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाचा सगळा राग त्यांच्याच वाट्याला येतो. ही व्यवस्था ज्यांनी आखली, त्यांच्या कानावर यातला एक शब्दही जात नाही.

आणि नेमक्या याच काळात मंचाचं दारही लागलं. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ७-ब मध्ये लवादाची सोय असल्यामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालणार नाहीत. प्रकरण लँडलाइनचं होतं, पण त्याचा आधार घेऊन खासगी मोबाइल कंपन्यांच्या ग्राहकांनाही परत पाठवलं जाऊ लागलं. हातोहाती मोबाइल पोचले ती हीच वर्षं. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये येत असे. एका महिन्यात ते चोवीस हजारांच्या वर गेलं. त्यानं २०१४ मध्ये जिल्हा मंचात तक्रार केली, आणि ती ऐकण्याचा अधिकार मंचाला आहे की नाही यावर कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकाचा हक्क मान्य झाला. म्हणजे ‘तक्रार ऐकून घ्या’ एवढंच पदरात पडायला आठ वर्षं गेली. मला हा सगळ्या मागोव्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

आईच्या बाबतीत घडलं ते रकमेनं लहान होतं, पण जास्त लागलं. ती मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला बँकेत गेली आणि विमा पॉलिसी घेऊन आली. ‘काकू, यात व्याज जास्त मिळेल’ असं तिला सांगण्यात आलं होतं. दरवर्षी हप्ता भरायचाय हे बाँड घरी आल्यावर मी वाचलं तेव्हा कळलं. बँक म्हणे, ते विमा कंपनीकडे. विमा कंपनी म्हणे, बँकेत विचारा. पॉलिसी हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत ती परत करता येत असे, त्या मुदतीत मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. मुद्रांक शुल्क वगैरे वजा होऊन पैसे मिळाले. आई मात्र पुन्हा एकटी त्या बँकेत गेली नाही. जिथली माणसं तिला नावानं हाक मारत होती, तिथंच हे झालं होतं.

मग ॲपचा जमाना आला. करोनानंतर मागवलेलं वॉशिंग मशीन चेपलेलं निघालं. फोटो पाठवले, मशीन परत नेलं, पैसे आले नाहीत. चॅटमध्ये उत्तर देतंय ते माणूस आहे की यंत्र, हेही कळत नव्हतं, आणि ‘तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा निरोप मात्र दर वेळी येई. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीनं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क जाहीर करायचा असतो. ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. ते नाव ॲपच्या पार तळाशी, बारीक अक्षरांत सापडलं. नियमांचा उल्लेख करून त्या अधिकाऱ्याला ईमेल पाठवली आणि इतके दिवस अडकलेले पैसे खात्यात आले.

नाव असलेला एक माणूस समोर आला की काम होतं, हे मी फ्रिजपासून पाहत आले आहे. बिस्किटांच्या साध्या पुड्यावरही तक्रारीसाठी कुणाशी बोलायचं त्या व्यक्तीचं किंवा कार्यालयाचं नाव, पत्ता, फोन छापण्याची सक्ती आहे. आईला जो विमा विकला गेला, त्याच्या पहिल्याच पानावर, पासबुकाइतक्या मोठ्या अक्षरांत, असं नाव हवं होतं. आणि पैसे परत करण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, अशाच माणसाचं हवं होतं.