डोंगर पेन्सिलीत, हवा स्मरणात

जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर (१७७५–१८५१) या इंग्लिश चित्रकाराला निसर्गचित्राचा खरा विषय सापडला तो उत्तर इंग्लंडच्या उघड्याबोडक्या डोंगराळ मुलखात. लंडनच्या गजबजलेल्या कॉव्हेंट गार्डनमधल्या न्हाव्याचा हा मुलगा चौदाव्या वर्षी रॉयल अकादमीच्या शाळेत दाखल झाला. चर्च, जुने मठ, किल्ल्यांचे अवशेष यांची नेमकी चित्रे काढण्यात त्याचा हात लवकरच बसला. १७९७ च्या उन्हाळ्यात, बाविसाव्या वर्षी, त्याने यॉर्कशायर, नॉर्थंबरलंड आणि लेक डिस्ट्रिक्ट असा मोठा फेरा मारला. तिथून पुढे इमारतींपेक्षा त्यांच्यावरचे आकाश त्याला अधिक खुणावू लागले.

या मुलखातली हवा घटकेत पालटते. अटलांटिकवरून येणारे दमट वारे पश्चिमेकडून डोंगरांना धडकतात, वर चढताना थंड होतात आणि तिथेच पाऊस पाडतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात जे घडते तेच इथे वर्षभर चालू असते. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेट या वस्तीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ढग फाटून उन्हाचा एखादा पट्टा दरीत उतरतो तेव्हा एक उतार झळाळतो आणि शेजारचा काळाच राहतो.

१७९८ मध्ये अकादमीत मांडलेले ‘बटरमिअर’ तळ्याचे तैलचित्र याच फेरीतून आले. सर उतरून गेलेली, डोंगर अजून अंधारलेले आणि तळ्यावर फिकट, जवळजवळ पांढरे इंद्रधनुष्य. डोंगरांचे आकार त्याने जागेवर टिपून आणले होते. पण चित्राचा जीव आहे तो त्या निघून चाललेल्या सरीत.

उघड्यावर तो शक्यतो पेन्सिलीनेच काम करी, खिशात मावणाऱ्या वहीत. रंग भरत बसण्यापेक्षा तेवढ्या वेळात पंधरा रेखाटने होतात, असा त्याचा हिशेब होता. रंग घरी आल्यावर. त्यामुळे डोंगराची कड, नदीचे वळण, पुलाच्या कमानी कागदावर असत आणि प्रकाश व ढग डोक्यात. बदलत्या हवेला त्याने दिलेले हे उत्तर अगदी व्यवहारी होते: डोंगर उद्याही तिथेच असणार, ढग मात्र आत्ताच पाहून ठेवायला हवा.

या सवयीचा सर्वांत मोठा पुरावा १८१० सालचा आहे. यॉर्कशायरमध्ये व्हार्फ नदीच्या खोऱ्यात, ऑटली गावाजवळ फार्नली हॉल नावाचा वाडा आहे. त्याचे मालक वॉल्टर फॉक्स टर्नरचे मित्र आणि आश्रयदाते. एके दिवशी डोंगरांवर विजांसह वादळ उठले. टर्नरने फॉक्सच्या मुलाला हाक मारली आणि ढगांचे आकार व रंग एका पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर टिपायला सुरुवात केली. मुलाने चांगला कागद सुचवला, तर हाच पुरे म्हणाला. वादळ सरल्यावर त्याने मुलाला सांगितले की दोन वर्षांनी हे पुन्हा पाहशील आणि त्याला आल्प्स ओलांडणारा हॅनिबल म्हणशील. ही हकिकत त्या मुलानेच पुढे सांगितली.

१८१२ मध्ये हे चित्र प्रदर्शित झाले. आल्प्स टर्नरने १८०२ मध्येच पाहिले होते. पण त्यांच्यावर घोंगावणारे वादळ यॉर्कशायरचे आहे. ऑटलीवरचा शेव्हिन डोंगर तर जेमतेम २८२ मीटर उंच. सुमारे अडीच मीटर रुंदीच्या या कॅनव्हासवर काळ्या ढगांची प्रचंड कमान सगळे गिळू पाहते, तिच्याआड सूर्याची पिवळट चकती दिसते. हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल शोधावा लागतो. दूर क्षितिजाजवळ एक इवलासा हत्ती तेवढा दिसतो. चित्र उंचावर टांगू नये, खालीच लावावे, असा टर्नरने हट्ट धरला. तो रास्तच होता, कारण समोर उभे राहिले की पाहणारा त्या भोवऱ्यात सापडतो.

१८१६ मध्ये उत्तर यॉर्कशायरवरच्या एका ग्रंथासाठी टर्नर पुन्हा याच भागात घोड्यावरून हिंडला. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्याच्या परिणामाने युरोपला १८१६ मध्ये उन्हाळा असा लाभलाच नाही. पावसाने टर्नरला बेजार केले, तरी वह्या भरत गेल्या. टीस नदीवरचा हाय फोर्स हा सुमारे २१ मीटरचा धबधबा, काळ्या कातळावरून कोसळणारा, त्या फेरीतल्या जलरंगांत आहे.

भिजल्या हवेला जलरंग चांगला मानवतो. टर्नर कागद ओला करून त्यावर रंग सोडी, तो पसरू देई. मग कुठे टिपून घेई, कुठे खरवडून खालचा पांढरा कागद उघडा करी. १८१८ मध्ये फार्नलीला त्याने एका सकाळीत, न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्यामध्ये, युद्धनौकेचे चित्र असेच पूर्ण केले. समोर नमुना काहीच नव्हता. फॉक्सचा तोच मुलगा शेजारी बसून पाहत होता: आधी नुसता रंगाचा चिखल, मग हळूहळू त्यातून डोलकाठ्या आणि दोरखंड.

१८२५ मध्ये वॉल्टर फॉक्स वारले आणि टर्नर फार्नलीला पुन्हा गेला नाही. पण १७९७ मध्ये पाहिलेला ट्वीड नदीकाठचा नॉरम किल्ला तो अनेकदा रंगवत राहिला. १८४५ च्या सुमाराच्या तैलचित्रात तो किल्ला निळसर धुक्याचाच एक भाग झाला आहे. पाण्याशी एक गाय, बाकी सगळी सकाळच. समकालीनांना हे अपुरे वाटले असते, आणि टर्नरने ते हयातीत प्रदर्शनात मांडलेही नाही. लोकांसमोर ते आले १९०६ मध्ये, लंडनच्या टेट गॅलरीत.