व्हिमशी पहिली ओळख

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एखाद्या आयटी कंपनीत नव्याने लागलेल्या कल्याण-डोंबिवलीच्या मुलामुलींना दूरच्या लिनक्स सर्व्हरवरची फाइल दुरुस्त करायची वेळ आली, की व्हिम या टेक्स्ट एडिटरशी बहुधा गाठ पडते. तिथे माउस लागत नाही. सगळा कारभार कीबोर्डवर.

नवखा माणूस गांगरतो तो पहिल्याच मिनिटाला, कारण टाइप केलेलं उमटत नाही. फाइल उघडते तेव्हा व्हिम हुकूम ऐकायच्या अवस्थेत असतो, प्रत्येक कळ म्हणजे आज्ञा. ‘आय’ दाबलं की लिहिता येतं, ‘एस्केप’ दाबलं की परत हुकमाकडे. दोनदा ‘डी’, ओळ गेली. ‘यू’, परत आली. कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर म्हणजे जतन करून बाहेर. काही बिघडवलं असेल तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. मूळ फाइल शाबूत राहते. एवढं आलं तरी कामाला लागता येतं.

कर्सर हलवायला एच, जे, के, एल. बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास व्हिमचा पूर्वज ‘व्हीआय’ लिहिला, तेव्हा त्यांच्या टर्मिनलवर बाण याच कळांवर छापलेले होते. ब्राम मूलेनार यांच्या व्हिमने (१९९१) तीच रीत पुढे चालवली.

मराठी लिहिणाऱ्यांनी एक जपावं. इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असताना ‘जे’ दाबलं तर ‘र’ जातो आणि कर्सर जागचा हलत नाही. आधी इंग्रजी कळफलकावर या, मग हुकूम द्या.

सरावाला ‘व्हिमट्यूटर’ हा अर्ध्या तासाचा धडा सोबतच मिळतो. तो नुसता वाचू नका, हाताने करा.