संसदेची वाणी आणि लोकांची भाषा

संसद जनतेशी कसा संवाद साधते, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा मानला जातो. परंतु तो संवाद कोणत्या भाषेत होतो असे विचारताच तो भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो.

संविधानाच्या १२० व्या अनुच्छेदानुसार संसदेचे कामकाज हिंदीत वा इंग्रजीत चालते. या दोहोंपैकी एकाही भाषेत ज्याला आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही, अशा सदस्यास मातृभाषेत बोलण्याची परवानगी पीठासीन अधिकारी देऊ शकतो. म्हणजे मातृभाषा येथे अधिकार म्हणून नव्हे, तर अडचणीवरील सवलत म्हणून प्रवेश करते. लोकसभेत १९६४ साली हिंदी व इंग्रजी यांच्यात तत्काळ भाषांतराची सोय झाली. इतर भाषांची भर क्रमाने पडत गेली. राज्यसभेत २०१८ साली कोकणीसह पाच भाषा जोडल्या गेल्या आणि आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत बोलणे शक्य झाले. मात्र सदस्याने पूर्वसूचना द्यावी, अशी अट राहिली. प्रतिपक्षाच्या वाक्याला जागच्या जागी दिलेले उत्तर हा संसदीय वक्तृत्वाचा प्राण. तो पूर्वसूचनेत कसा मावावा?

याहून गंभीर बाब मुद्रित वृत्तान्ताची आहे. लोकसभेच्या वादविवादांच्या जुन्या खंडांत प्रादेशिक भाषेतील भाषणाजवळ एक तारका दिसते. मूळ भाषण अमुक भाषेत झाले असून हे त्याचे इंग्रजी भाषांतर होय, असे तळटीप सांगते. वक्त्याचे मूळ शब्द त्या पृष्ठावर नसतात. भाषणाच्या शैलीचा अभ्यास करू पाहणाऱ्याच्या हाती त्यामुळे केवळ आशय उरतो.

मराठी वाचकाला संसद प्रामुख्याने भेटली ती वृत्तपत्रांतून. फिरोज गांधी यांच्या विधेयकातून १९५६ साली झालेल्या कायद्याने संसदीय कामकाजाच्या 'सारतः खऱ्या' वृत्तास, ते द्वेषबुद्धीने छापलेले नसेल तर, संरक्षण दिले. हा कायदा आणीबाणीत, १९७६ साली, रद्द झाला. १९७७ साली नव्याने आला, आणि पुढच्याच वर्षी ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याचे तत्त्व ३६१-क या अनुच्छेदात गेले. मराठी वार्ताहरापुरते बोलायचे तर त्याचे संसदवृत्त बहुधा भाषांतरच असते. तेव्हा 'सारतः' या एका शब्दावर त्याची सारी भिस्त. (या व्यवहारातून मराठीला शब्दही मिळाले. हिंदी 'ध्यानाकर्षण' म्हणते तेथे आपल्या विधिमंडळात 'लक्षवेधी' रुळले, आणि ते अधिक चपखल आहे.)

२००६ साली लोकसभेची आणि २०११ साली राज्यसभेची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी सुरू झाली. २०२१ साली दोहोंची मिळून 'संसद टीव्ही' झाली. सभागृह आता घरबसल्या दिसते. उलट दिशेचा मार्ग, म्हणजे नागरिकाने लोकसभेकडे करावयाचा विनंतीअर्ज, अधिक अरुंद आहे. नियमानुसार तो हिंदीत वा इंग्रजीत हवा. मराठीत लिहिला, तर सोबत या दोहोंपैकी एका भाषेतील भाषांतर जोडून त्यावर अर्जदाराने स्वतः स्वाक्षरी करावयाची. जी भाषा त्याला अवगत नाही, तिच्यातील मजकुराची हमीही त्यानेच द्यावयाची असते.