बोटीवरचे दिवस

बंगळूर हे समुद्रकाठचे शहर नव्हे. म्हैसूरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर ते वसलेले आहे. पूर्वेचा किनारा गाठायचा असो वा पश्चिमेचा, सुमारे ३०० किलोमीटर अंतर तोडावे लागते. असे असूनही या शहरातील दोन नामांकित विज्ञानसंस्थांचा पूर्वेतिहास सांगू लागले की सांगणाऱ्याला आगबोटीच्या डेकवर जावे लागते. भारतीय विज्ञान संस्थेच्या स्थापनेच्या कथेत १८९३ सालचा पॅसिफिक महासागरावरील एक प्रवास येतो. रामन संशोधन संस्थेचे संस्थापक चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या चरित्रात १९२१ सालचा भूमध्य समुद्रावरील प्रवास येतो. हा निव्वळ योगायोग आहे काय? की आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या त्या प्रवासात माणसाच्या मनाला अशी काही अवस्था प्राप्त होत असे, जी जमिनीवर सहसा लाभत नाही? या प्रकरणात आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

बोटीवरचा दिनक्रम

प्रथम बोटीवरचा दिवस कसा जात असे ते पाहू. मुंबईहून निघालेली टपालबोट सुमारे पाच दिवसांनी एडनला पोहोचे. तेथून तांबडा समुद्र, १८६९ साली खुला झालेला सुएझ कालवा, भूमध्य समुद्र, आणि पुढे मार्सेय किंवा लंडन असा मार्ग होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनपर्यंतच्या सागरी प्रवासाला सुमारे तीन आठवडे लागत.

या तीन आठवड्यांत प्रवाशाला जवळजवळ काहीच करावयाचे नसे. दर अर्ध्या तासाला घंटा होई. पहिल्या अर्ध्या तासाला एक टोला, पुढच्याला दोन, याप्रमाणे चार तासांत आठ टोले पुरे झाले की खलाशांची पाळी बदले आणि मोजणी पुन्हा एकापासून सुरू होई. दुपारी बोटीचे अक्षांश-रेखांश आणि चोवीस तासांत तोडलेले अंतर यांचा तक्ता लागे. तो पाहण्यासाठी प्रवासी गर्दी करीत आणि आज किती मैल झाले यावर पैजाही लावीत. ज्याला दुसरा उद्योग नाही त्याला एवढीशी बातमीही पुरते.

घड्याळाचीही एक गंमत होती. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी, म्हणजे ३६० अंश, फिरते. अर्थात एका तासाला १५ अंश. मुंबई सुमारे ७३ पूर्व रेखांशावर आहे, तर एडन सुमारे ४५ वर. या २८ अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ एक तास बावन्न मिनिटे. तो पाच दिवसांत विभागला जात असल्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशाला घड्याळ रोज वीस-बावीस मिनिटे मागे घ्यावे लागे. म्हणजे त्याचा प्रत्येक दिवस चोवीस तासांहून थोडा मोठा असे. रिकामपण आधीच पुष्कळ. त्यात निसर्ग आणखी भर घालीत असे.

बोट लागणे आणि जेवणाचा प्रश्न

परंतु हे रिकामपण सुरुवातीला सुखाचे नसे. मराठीत ‘बोट लागणे’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला सांगते की शरीर हलते आहे. केबिनच्या स्थिर भिंतींवर खिळलेले डोळे सांगतात की काहीच हलत नाही. या परस्परविरोधी संदेशांतून मळमळ उत्पन्न होते. म्हणूनच जाणते प्रवासी नवख्याला उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत बसण्याचा सल्ला देत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत अरबी समुद्र खवळलेला असे आणि पहिले काही दिवस अनेक प्रवासी केबिनबाहेर पडत नसत.

भारतीय प्रवाशापुढे याशिवाय आणखी एक अडचण होती. सप्टेंबर १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेला निघाले, तेव्हा काट्या-चमच्याने जेवण्याची सवय नसल्यामुळे आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचा संकोच वाटत असल्यामुळे ते भोजनगृहात जातच नसत. घरून आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर त्यांनी केबिनमध्ये बसून दिवस काढले, असे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे.

त्यांच्याही पाच वर्षे आधी, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी यांनी कलकत्ता सोडले. त्यांचे वय त्या वेळी अठरा वर्षांचे होते. पती बरोबर नव्हते. सोबत होती ती अमेरिकन मिशनरी स्त्रियांची. समुद्र ओलांडणे धर्मबाह्य मानले जाई, तो हा काळ. आपला पोशाख, आहार आणि आचार न सोडता आपण जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर सभेत सांगितले होते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. सभेतील प्रतिज्ञा एका दिवसाची असते. बोटीवर ती दोन महिने, प्रत्येक जेवणाच्या वेळी, पाळावी लागते. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनीही इंग्लंडची वाट धरली आणि आपल्या प्रवासाची हकीकत पत्ररूपाने मराठीत लिहिली; ती ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून प्रसिद्ध झाली. या उदाहरणांवरून असे दिसते की बोटीवरचे जीवन ही काहींच्या दृष्टीने विश्रांती असली, तरी काहींच्या दृष्टीने ती प्रत्यही द्यावयाची परीक्षा होती.

सहप्रवासी

बोटीवरून निघून जाता येत नाही. ज्यांची जमिनीवर कधी गाठ पडली नसती अशी माणसे तेथे दिवसचे दिवस एकमेकांसमोर येतात आणि संभाषणाला घाईचे कारण उरत नाही.

३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंद मुंबईहून निघाले. कोलंबो, पिनांग, सिंगापूर, हाँगकाँग अशी बंदरे घेत ते जपानला पोहोचले. योकोहामाहून मद्रासच्या शिष्यांना त्यांनी जे पत्र लिहिले, त्यात चौकस प्रवाशाची दृष्टी जागोजाग दिसते. पूर्वी चाचे लोकांचे अड्डे कोठे होते हे कप्तानाने दाखविल्याचे ते सांगतात. हाँगकाँगच्या बंदरात पाठीशी मूल बांधून नाव वल्हविणाऱ्या चिनी स्त्रियांचे वर्णनही त्यात आहे. काल-परवापर्यंत ज्याच्याजवळ काही नव्हते अशा या संन्याशाला प्रवासात पेट्या आणि कपडे सांभाळण्याचा जाच होई. १४ जुलैला त्यांनी योकोहामा सोडले. उबदार कपडे जवळ नसल्यामुळे पॅसिफिकवर त्यांना थंडीचा त्रास झाला. २५ जुलैला ते व्हॅंकूव्हरला उतरले. दोन तारखांमधील अंतर अकरा दिवसांचे दिसत असले, तरी प्रवास बारा दिवसांचा होता; कारण पूर्वेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एकच तारीख दोनदा येते.

या प्रवासात जमशेटजी टाटा त्यांचे सहप्रवासी होते. त्यांच्यामध्ये काय बोलणे झाले, याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे टाटांनी २३ नोव्हेंबर १८९८ रोजी विवेकानंदांना पाठविलेले पत्र होय. आपण जपानहून शिकागोकडे जाताना बरोबर होतो याचे स्मरण टाटांनी त्यात करून दिले आहे. भारतातील वैराग्याची वृत्ती नष्ट न करता तिला उपयुक्त मार्गाला लावले पाहिजे, हा स्वामींचा विचार संशोधन संस्थेच्या योजनेच्या संदर्भात आपल्याला पुन्हा पुन्हा आठवतो, असे ते लिहितात. संस्थेची कल्पना बोटीवर जन्माला आली असे यावरून म्हणता येणार नाही. मात्र पाच वर्षांपूर्वीचे ते संभाषण एका कार्यमग्न उद्योगपतीच्या मनात टिकून राहिले होते, हे निश्चित. टाटा १९०४ मध्ये निधन पावले. म्हैसूर संस्थानाने बंगळूर येथे सुमारे ३७१ एकर जमीन दिली, १९०९ साली संस्था अस्तित्वात आली आणि १९११ मध्ये तेथे पहिले विद्यार्थी दाखल झाले.

समुद्राकडे पाहणारा

दिवसचे दिवस डोळ्यांपुढे एकच दृश्य असले की बहुतेकांना कंटाळा येतो. क्वचित एखाद्याला प्रश्न पडतो. १९२१ च्या उन्हाळ्यात रामन विद्यापीठांच्या परिषदेसाठी ऑक्सफर्डला गेले होते. ‘नारकुंडा’ या बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या गडद निळ्या रंगाने त्यांचे चित्त वेधून घेतले. सागराची निळाई म्हणजे पाण्यात दिसणारे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅली या थोर शास्त्रज्ञाचे मत होते आणि ते सर्वमान्य होते.

रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम हे एक छोटेसे साधन होते. विशिष्ट कोनातून पाहिले असता पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत होत असतात. निकोल प्रिझम योग्य तऱ्हेने फिरविला की असा प्रकाश अडविला जातो. रामन यांनी डेकवरून या कोनातून समुद्राकडे पाहिले आणि आकाशाचे प्रतिबिंब पुसून टाकले. रॅली यांचे मत बरोबर असते, तर निळाई नाहीशी व्हावयास हवी होती. ती नाहीशी झाली नाही. उलट अधिकच खुलून दिसली. म्हणजे रंग पाण्यातूनच येत होता. ही टिपणी त्यांनी बोटीवरच लिहिली. तिच्यावर ‘नारकुंडा, मुंबई बंदर’ असा पत्ता आणि २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख आहे.

पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, यावर रामन यांचा भर होता. पाणी तांबडा प्रकाश अधिक शोषून घेते, हे निळाईचे प्रमुख कारण असल्याचे आज मानले जाते. परंतु विखुरण्याच्या या प्रश्नाचा पाठपुरावा करीत करीतच ते २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत पोहोचले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९३३ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून बंगळूरला आले.

त्याच १९३० सालच्या ३१ जुलैला त्यांचे एकोणीस वर्षांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ‘पिल्स्ना’ या बोटीने मुंबईहून निघाले. दिवस पावसाळ्याचे होते. केंब्रिजला शिकण्यासाठी चाललेल्या या तरुणाने आपला रिकामा वेळ श्वेतबटू ताऱ्यांच्या गणितात घालविला. अशा ताऱ्याच्या गर्भात इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जातो. तेव्हा तेथे सापेक्षतेचा सिद्धान्त लावला पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले. तो लावताच एका मर्यादेपलीकडील वस्तुमानाचा तारा श्वेतबटू म्हणून स्थिर राहू शकत नाही, असा निष्कर्ष निघाला. आज ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते. या कार्याला पुढे १९८३ मध्ये नोबेल पारितोषिकाने मान्यता मिळाली. रामन यांना समुद्राने प्रश्न दिला. चंद्रशेखरांना त्याने केवळ निवांतपणा दिला. तेवढाही पुरेसा ठरला.

डेकखालचे जग

येथवर आपण जे पाहिले ते सर्व डेकवरून दिसणारे आहे. प्रवाशांच्या आठवणी बहुधा तेथेच थांबतात. परंतु प्रवाशाचे रिकामपण दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभे होते, हे सांगितल्यावाचून हे चित्र पुरे होणार नाही. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने काम करीत. सारंग आणि तांडेल हे त्यांचे मुकादम. जेवण वाढणारे व केबिन आवरणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती असत. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरातील गावोगावच्या ‘कुडां’मध्ये उतरून ते पुढच्या बोटीची वाट पाहत. सर्वांत खाली, इंजिनाच्या तळघरात, भट्टीत कोळसा टाकणारे पंजाबी आणि पठाण कामगार होते. तांबड्या समुद्रावर वरचे प्रवासी उकाड्याने हैराण होऊन डेकवर अंथरुणे टाकीत, तेव्हा भट्टीपुढे काय स्थिती असेल याची कल्पना करणे कठीण नाही. या भारतीय खलाशांना वेगळ्या करारावर नेमले जाई आणि त्यांचे वेतन गोऱ्या खलाशांपेक्षा पुष्कळच कमी असे.

यांच्याही दृष्टीने बोटीवरचे दिवस होतेच. ते मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवले. घंटेचा जो टोला प्रवाशाला वेळ कसा घालवावा हे सुचवीत असे, तोच खलाशाला पाळीवर बोलावीत असे.

उपसंहार

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबईहून लंडनला पहिले उड्डाण केले. ‘नारकुंडा’ त्यापूर्वीच, नोव्हेंबर १९४२ मध्ये, युद्धात अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ बुडाली होती. १९७० च्या सुमारास मुंबई आणि विलायत यांच्यामधील नियमित प्रवासी बोटी जवळजवळ संपुष्टात आल्या. आज पर्यटकांसाठी जहाजे निघतात. परंतु त्यांच्यावर करमणुकीचा कार्यक्रम सकाळपासून रात्रीपर्यंत आखलेला असतो. जुन्या बोटीवर रिकामपण चुकविता येत नसे. नव्या जहाजावर ते कोणाच्या वाट्याला येऊ नये याची काळजी घेतली जाते.

जुन्या प्रवासाचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. तो महाग होता, पुष्कळांना त्रासाचा होता, आणि त्याची खरी किंमत तळघरातील माणसे मोजीत होती. शिवाय हजारो प्रवासी त्याच समुद्रावरून गेले आणि पत्ते खेळून परत आले. बोट कोणाला शास्त्रज्ञ बनवीत नाही. ती फक्त माणसाचा नेहमीचा व्यवसाय तीन आठवडे काढून घेते आणि त्याच्यापुढे पाणी, आकाश व सहप्रवासी एवढेच ठेवते. त्यानंतर तो काय करतो, हे त्याने बोटीवर चढताना मनात काय आणले होते यावर अवलंबून असते. रामन यांच्याजवळ प्रिझम होता. आनंदीबाईंजवळ एक प्रतिज्ञा होती.