लोणारची वाट

जालन्यास येणारा पाहुणा बहुधा व्यापाराच्या कामानें येतो व काम आटोपतांच परततो. कुंडलिकेच्या कांठीं १७२५ मध्यें काबिल खानानें बांधलेला किल्ला, किंवा जमशेद खानाचा मोती तलाव व त्यांतून जमिनीखालच्या नळांनीं शहरास पाणी पुरविण्याची जुनी योजना, यांची त्यास वार्ताही नसते. अकबराच्या पदरचा अबुल फजल कांहीं काळ या शहरीं राहिला होता. त्याच्या ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत लोणारचाही उल्लेख आहे: ब्राह्मण त्यास विष्णुगया म्हणतात, आणि तेथें साबण व कांच करण्याचें द्रव्य सांपडतें. तें लोणार जालन्याहून एका दिवसांत पाहून येतां येतें.

वाटेंत सिंदखेडराजा लागतें. जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून तेथील वाडा सारेच पाहतात. परंतु त्यांचे वडील लखुजी जाधव, ज्यांस १६२९ मध्यें निजामशहाच्या दरबारांत दग्यानें मारण्यांत आलें, त्यांच्या भव्य दगडी समाधीपासून पुष्कळजण घाईनें पुढें जातात. तेथें थांबावें.

लोणारच्या कडेवर पोंचेपर्यंत सरोवराची चाहूलही लागत नाहीं. सपाट शेतें एकाएकीं संपतात आणि सव्वाशें मीटरांहून खोल, पावणेदोन किलोमीटरांहून रुंद असें गोल विवर समोर उघडतें. तळाशीं हिरवट पाणी. विष्णूनें लवणासुरास मारलें तें येथेंच, अशी कथा आहे. गांवांतील दैत्यसूदनाचें कोरीव देऊळ तिचेंच स्मारक होय.

१८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या सरोवराची नोंद केली. पुढें दीर्घ काळ पुष्कळ शास्त्रज्ञ यास ज्वालामुखीची करणी समजत. दख्खनचा सारा कातळ लाव्हारसाचाच, तेव्हां हा तर्क चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता. उलगडा झाला तो खडकांतील एका खनिजामुळें. त्याचे स्फटिक प्रचंड दाबानें कांच बनलेले आढळले. इतका दाब ज्वालामुखींत उत्पन्न होत नाहीं; तो आकाशांतून आदळलेल्या उल्केचाच. हें संशोधन १९७३ मध्यें प्रसिद्ध झालें. प्रवाशास सूक्ष्मदर्शकाची गरज नाहीं: कांठाचे काळे थर बाहेरच्या अंगास कललेले दिसतात, जणूं कोणीं खालून उचकटले. वयाचा हिशेब मात्र बदलला. आधीं सुमारें ५०,००० वर्षें मानीत. २०११ मधील संशोधनानें तो आंकडा ५,७०,००० च्या घरांत नेला.

कडेजवळ गोमुखाची धार गोड्या पाण्याची, आणि खालीं सरोवर मात्र अतिशय खारट! त्यांतील पाण्यास बाहेर पडण्यास वाट नाहीं. तें वाफ होऊन जातें, क्षार मागें राहतात. जून २०२० मध्यें पाणी आटून क्षार वाढले, आणि क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळें सरोवर गुलाबी झालें. त्याच वर्षीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. रंगाचा गवगवा फार झाला. खरी चिंता उलट बाजूची आहे. गोडें पाणी वा सांडपाणी फार मिसळलें तर क्षार पातळ होतात, आणि याच पाण्यांत जगूं शकणाऱ्या जीवांचा आसरा जातो. खालीं उतरून कमळजादेवीचें दर्शन घेतांना पाणी देवळापासून किती अंतरावर आहे, तेंही पाहून ठेवावें.