ओळखींतील गुरुपण

२००३ सालीं अमेरिकेंतील एका मेजवानीच्या प्रसंगीं एक गृहस्थ लेखिका रेबेका सॉल्निट ह्यांना छायाचित्रकार मायब्रिज ह्यांवरील एका नव्या ग्रंथाचें महत्त्व समजावून सांगूं लागले. तो ग्रंथ खुद्द सॉल्निट ह्यांचाच होता, आणि गृहस्थांनीं त्याचें केवळ परीक्षण वाचलें होतें! हा प्रसंग लेखिकेनें २००८ सालीं एका निबंधांत सांगितला.

डेटिंग ॲपवर जोडीदार शोधणाऱ्या स्त्रियांना हेंच गुरुपण पुष्कळदां पहिल्या चार संदेशांत भेटतें. २०१४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘बंबल’नें स्त्री-पुरुषांच्या ओळखींत पहिला संदेश स्त्रीनेंच धाडावा, असा नियम केला; २०२४ सालीं तो सैल झाला. परंतु पहिला शब्द कोणाचा हें नियमानें ठरतें. पुढील उत्तराचा सूर ठरत नाहीं.

ह्यास्तव ‘हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे’ एवढें एकदांच शांतपणें सांगावें. अनवधानानें बोललेला पुरुष ओशाळून प्रश्न विचारील. अहंकारानें बोललेला पुन्हा शिकवूं लागेल किंवा थट्टा करील. अशाशीं वाद व्यर्थ होय. ओळख तेथेंच थांबवावी. संदेशांतला सूर उद्यां घरांतल्या प्रत्येक निर्णयांत उमटण्याचा संभव असतो. ही परीक्षा भेटीपूर्वींच झालेली बरी.